वीस टक्क्यांचा गुडघा

"साहेब तोंड नंतर बघतो, आधी बूट बघतो," असं म्हणून आबांनी खिशातला रुमाल माझ्या मांडीवर टाकला. "पूस ते."

"सकाळी पुसलेत की."

"एस्टीची धूळ बसलीया. पूस म्हणतो नव्हं?"

मी वाकून बूट पुसले. वाकताना डावा गुडघा असा कळवळला की तोंडातून 'स्स' निघालंच. आबांनी मान दुसरीकडं फिरवली. माझं दुखणं कानावर पडलं की ते नेहमी तसंच करायचे.

पुण्यातल्या लष्करी दवाखान्याचा तो लांबलचक व्हरांडा होता. भिंतीला लावलेल्या बाकांवर आम्ही सगळे मोडकेतोडके माजी सैनिक बसलो होतो. कुणाचा हात गेलेला, कुणाचा कान, कुणाचा पाय. त्या दिवशी बोर्ड होतं. बोर्ड म्हणजे दोन-तीन लष्करी डॉक्टर बसतात, माणसाला तपासतात आणि तो किती टक्के मोडला आहे ते ठरवतात.

काश्मीरात एका बर्फाळ उतारावर, पाठीवर उखळी तोफेची जड तबकडी घेऊन चाललो असताना माझा पाय घसरला होता. अंग एकीकडं गेलं, गुडघा दुसरीकडं. आतला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने खाटेवर काढले आणि शेवटी पलटणीनं मला घरी धाडलं. पहिल्या बोर्डानं तीस टक्के अपंगत्व लिहिलं होतं. पण तेव्हा ते कायमचं नसायचं. काही वर्षांनी पुन्हा बोलवायचे, पुन्हा वाकवून बघायचे. आकडा विसाच्या खाली घसरला की अपंगत्वाची पेन्शन बंद. शेतात माझ्यानं तासभर उभं राहवत नव्हतं आणि घर त्या पेन्शनीवर चाललं होतं, हे तर होतंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. विसाच्या खाली येणं म्हणजे सरकारनं शिक्का मारून सांगणं की या माणसाला काही झालेलं नाही. आणि ते ऐकायला आबा टपून बसलेत असं मला वाटायचं.

आबा म्हणजे सुभेदार ज्योतिराम फडतरे. सैन्यात आजारी माणसानं सकाळी नाव नोंदवायचं असतं, त्याला सिक रिपोर्ट म्हणतात. आबांच्या लेखी ती शिवी होती. सगळ्या नोकरीत एकदाही सिक रिपोर्ट केला नाही, हे ते पाव्हण्याला पाणी देण्याआधी सांगायचे. मी काठी टेकत घरी आलो, तेव्हा अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आलास? सिक रिपोर्टवाला." रंजना, माझी बायको, ओवाळायला ताट घेऊन आली होती. तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

आणि आज हेच आबा माझ्याबरोबर बोर्डाला आले होते. रंजना येणार होती, पण आदल्या दिवशी आबांनी स्वतःच जाहीर केलं, "मी जातो." का, ते विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

बाकाच्या टोकाला ते ताठ बसले होते. उजवा पाय व्हरांड्यात लांब पसरलेला. येणारेजाणारे शिपाई, नर्सा, स्ट्रेचर, सगळे त्या पायाला वळसा घालून जात होते आणि आबा पाय आवरत नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्यांचा रुबाब सगळीकडं हाच असायचा. लग्नात पंगत बसली की सगळं गाव जमिनीवर आणि सुभेदार खुर्चीवर. देवळात भजनाला सगळे खाली, सुभेदार खांबाला टेकून उभे. घरात आई त्यांचं ताट कणगीशेजारच्या उंच पेटीवर वाढायची आणि हसून म्हणायची, "आमच्या सायबाचं ताट वरच असतं बाई." गावात पहिला इंग्रजी संडास त्यांनी बांधला, तर पोरं म्हणायची, सुभेदाराला उकिडवं बसायची लाज वाटते. आबांच्या कानावर ते जायचं. ते नुसते मिशीला हात लावायचे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. आईचं मात्र नेता येत नव्हतं.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. सोप्यात तिला खाली निजवलं होतं, भोवती बायका बसल्या होत्या. मी मोडका पाय लांब करून तिच्या उशाशी बसलो होतो. आबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून, इस्त्रीचा सदरा घालून. तिच्या तोंडात पाणी घालायची वेळ आली तेव्हा चमचा त्यांच्याकडं दिला, तर त्यांनी तो तिथूनच माझ्या हातात दिला. मावशी ओरडून रडली, "अहो दाजी, आता तरी बसा की हो तिच्यापाशी! जन्मभर खुर्चीखाली ठिवलीत तिला, आता तरी खाली या!" आबा म्हणाले, "असू दे." बस्स. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होतो.

"फडतरे ना तू? गुडघा?" माझ्या शेजारच्या बाकावरून एकानं विचारलं. निकम हवालदार, कराडकडचा. त्याचा बोर्डाचा अनुभव दांडगा होता. तो माझ्याकडं सरकून कानाशी लागला. "हे बघ, बसायला सांगतील. दुखंल तिथं थांबायचं. आपली खोड अशी, की साहेब दिसला की आपण फिट. 'कोई तकलीफ?' म्हणला की जीभ आपोआप 'नहीं साब' म्हणती. ती जीभ आज घरी ठिवून यायची असती."

"खोटं बोलायचं व्हय?" आबांनी मान न वळवता विचारलं.

"खोटं न्हाई सुभेदारसाहेब. खरं बोलायचं. तेच आपल्याला जमत न्हाई," निकम हसून म्हणाला.

आबा हसले नाहीत. माझं नाव पुकारलं तेव्हा ते माझ्याबरोबर उठले आणि माझी काठी घेऊन खोलीच्या दारापर्यंत आले. "काठी घेऊन आत जाऊ नगंस," ते म्हणाले. काठी त्यांनी आपल्याकडंच ठेवली.

आत टेबलामागं लेफ्टनंट कर्नल नाडकर्णी मॅडम होत्या आणि एक तरुण डॉक्टर. मॅडम रत्नागिरीकडच्या. माझं नाव वाचून मराठीतच बोलायला लागल्या. त्यांनी मला पलंगावर निजवलं, गुडघा वाकवला, पिळला, फीत लावून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी मांडी बारीक झाली होती. त्यांचा हात हलका होता आणि 'दुखतंय?' हा प्रश्न त्या खरोखर उत्तरासाठी विचारत होत्या. मला धीर आला. निकमचं ऐकायचं, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

"आता उभे राहा. हात पुढे घ्या आणि सावकाश खाली बसा. जमेल तेवढंच."

मी हात पुढं केले आणि बसायला लागलो. अर्ध्यावर गुडघ्यात कळ आली आणि मी थांबलो. "इथवरच, मॅडम."

"आणखी थोडं?"

"नाही मॅडम. दुखतंय."

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अधिकाऱ्यासमोर मी तो शब्द उच्चारला होता. मॅडमनी मान डोलावली आणि त्या लिहायला वळल्या. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"फडतरे! सावधान! पूरा बैठ!"

तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. भरतीच्या आधी दोन वर्षं आबांनी मला अंगणात त्याच आवाजावर पळवलं होतं, जोर काढायला लावले होते, बैठका मारायला लावल्या होत्या. स्वतः खुर्चीवर बसून, हातात छडी घेऊन. एकही बैठक त्यांनी कधी स्वतः मारून दाखवली नव्हती. मी म्हणायचो, सुभेदार करून दाखवत नसतो, करून घेतो. तो आवाज कानावर पडला आणि माझ्या अंगानं मला विचारलंच नाही. टाचा जुळल्या, हात सरळ झाले आणि मी सरळ खाली गेलो.

आत काहीतरी कटकन तुटलं. तो आवाज मॅडमनी ऐकला, तरुण डॉक्टरनं ऐकला, आबांनीही ऐकला असणार. मी फरशीवर आडवा झालो आणि गुरासारखा ओरडलो. एवढं काश्मीरातही ओरडलो नव्हतो.

मॅडम टेबलाला वळसा घालून धावत आल्या. त्यांनी गुडघ्याखाली हात घातला, डॉक्टरला काहीतरी सांगितलं, तो बाहेर पळाला. मी वर बघितलं. आबा दारातून दोन पावलं आत आले होते. एका हातात माझी काठी, तोंड पांढरंफटक. ते माझ्याकडं बघत होते, पण खाली वाकले नाहीत. पोटचं पोर जमिनीवर लोळतंय आणि हा माणूस अजून ताठ! दुखण्यातही माझ्या डोळ्यांसमोर सोप्यातली ती चौकट आली. मला त्या क्षणी त्यांची शिसारी आली.

मॅडमनाही आली असावी. त्या उभ्या राहिल्या. रागानं त्यांचा आवाज कापत होता.

"कोण तुम्ही?"

"सुभेदार ज्योतिराम फडतरे, मॅडम. याचा बाप."

"बाप! माझ्या बोर्डात येऊन हुकूम देता? हुकूम देणं सोपं असतं सुभेदारसाहेब. आता मी देते. बसा. इथंच, माझ्यासमोर, पूर्ण खाली बसा."

मला वाटलं, आता आबा उलटून बोलतील. आबांना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणी हुकूम दिला नव्हता. पण त्यांनी माझी काठी नीट भिंतीला टेकवली. टाचा जुळवल्या.

"जी मॅडम," ते म्हणाले.

त्यांनी हात पुढं केले. डावा गुडघा वाकला. उजवा वाकलाच नाही. तो पाय तसाच, दांडक्यासारखा सरळ, फरशीवरून पुढं घसरत गेला. आबांनी दात आवळले, कपाळावरची शीर टरारली, तरी ते थांबले नाहीत. थांबायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मग तोल गेला आणि ते दाणकन पाठीवर पडले. शेजारच्या तिवईवरचा ट्रे खणखणत खाली आला.

मी ओरडायचं विसरलो. बोर्डाच्या खोलीत आम्ही बापलेक दोघंही जमिनीवर पडलो होतो आणि माझ्या बापाला जमिनीवर मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

मॅडमचा राग कुठच्या कुठं गेला. "अरे देवा," असं काहीतरी म्हणत त्या आबांजवळ गुडघ्यांवर बसल्या. विजारीवरूनच त्यांनी त्या उजव्या गुडघ्यावर हात फिरवला. बाजूला एका जागी त्यांची बोटं थांबली. त्यांनी दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं.

"इथे आत काय आहे?"

"छर्रा हाय, मॅडम." छताकडं बघत आबा म्हणाले. "तोफगोळ्याचा."

"कधीचा?"

"पासष्टचा. लढाईतला."

"पासष्ट! आणि काढला नाही? नोंद कुठे आहे याची?"

"नोंद न्हाई. कंपनी पुढं निघाली व्हती. सांगितलं असतं तर मला मागं ठिवलं असतं. पट्टी बांधली नि गेलो. तवा वाकत व्हता मॅडम. पुढं पुढं आखडत गेला."

"निवृत्त होताना तपासणी झाली असेल ना?"

"झाली की. साहेबानं विचारलं, कोई तकलीफ? मी म्हणलं, नहीं साब. कागदावर मी फिट हाय, मॅडम."

दोन शिपाई आले. त्यांनी आबांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. पडल्यावर त्यांच्या तोंडावर आलं नव्हतं ते दुःख उचलताना आलं. डोळे घट्ट मिटून, लहान पोरासारखे ते त्या दोघांच्या हातावर लोंबकळले. मला बघवेना आणि नजरही हटवता येईना. माझ्या डोक्यात एकामागून एक गोष्टी येऊन आदळत होत्या. पंगतीतली खुर्ची. देवळाचा खांब. पेटीवरचं ताट. तो संडास, ज्याला आम्ही सगळे हसलो. आणि सोप्याच्या दारातली ती चौकट.

माझ्या गुडघ्याला पट्ट्या बांधून मला चाकाच्या खुर्चीवर व्हरांड्यात आणून ठेवलं, तेव्हा आबा त्याच बाकाच्या टोकाला होते. पाय तसाच पसरलेला. येणारेजाणारे तसेच वळसा घालून जात होते. निकम लांबून आमच्याकडं बघत होता, पण जवळ आला नाही.

मग मीच विचारलं, "आईला ठावं व्हतं?"

"रोज रातच्याला तेल लावायची. तिला मीच सांगितलं व्हतं, कुणाला बोलू नगंस म्हणून."

"आनि ती गेली तवा? लोक काय काय बोलली आबा. मावशी बोलली. तुमी एक शबुद न्हाई काढला."

आबांनी रुमाल काढला. बूट पुसायला दिला होता तोच. त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"खाली बसलो असतो तर उठता आलं नसतं, सर्जेराव," ते म्हणाले. "चार माणसं मला उचलाया धावली असती. त्या दिवशी लोकांनी तिला उचलायचं व्हतं. मला न्हाई."

माझा हात आपोआप त्यांच्या त्या पसरलेल्या पायावर गेला. विजारीच्या कापडाखाली तो टणक तुकडा माझ्या बोटाला लागला. सगळ्या जन्मात बापाच्या अंगाला मी एवढा वेळ हात लावला नव्हता.

"मला वाटलं तू भितोयस," ते म्हणाले. "दुखतं ते समद्यांनाच. त्याच्यावर पाय दिऊन फुडं जायाचं असतं, मला एवढंच ठावं. तुझं 'दुखतंय' कानावर आलं नि..." त्यांनी माझ्या पट्ट्यांकडं बघितलं. "लई जोरात तुटलं का रं?"

"असू दे, आबा," मी म्हणालो.

मॅडम स्वतः बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "फडतरे, पुन्हा शस्त्रक्रिया लागेल. टक्के आता कमी व्हायचा प्रश्नच नाही, वाढतील." मग आबांकडं वळल्या. "सुभेदारसाहेब, अर्ज करा. एवढी वर्षं झाली, अवघड जाईल, पण मी तपासून लिहून देते."

आबा बाकाचा हात धरून उभे राहिले, त्यांना जमेल तसे सावधान झाले. "नको मॅडम. पोराचं झालं, बास. आता मी मागाया लागलो तर पलटणीतली माणसं म्हणतील, सुभेदारानं म्हातारपणी सिक रिपोर्ट केला."

मॅडम त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी, एका कर्नलनं, माझ्या बापाला आधी सलाम केला.

माझी शस्त्रक्रिया झाली. आकडा चाळीसवर गेला आणि कायमचा झाला. बापाच्या हुकमानं माझे टक्के वाढले, असं निकम पुढं भेटला की सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

त्या वर्षीच्या आईच्या श्राद्धाची गोष्ट. ब्राह्मण जेवून गेला होता, रंजना भांडी घेऊन विहिरीवर गेली होती. सोप्यात आईचा फोटो पाटावर ठेवला होता, बरोबर ती निजली होती त्या जागी. आबा चौकटीला टेकून उभे होते. मी आत यायला लागलो तर त्यांनी माझा दंड धरला.

"सर्जेराव," ते म्हणाले, "मला खाली बसीव."

मी काठी टाकली. एक हात त्यांच्या कमरेला घातला, दुसऱ्यानं चौकट धरली. त्यांनी माझ्या खांद्यावर भार दिला. माझा डावा वाकत नव्हता, त्यांचा उजवा वाकत नव्हता, त्यामुळं दोघांचं मिळून एक धड बसणं झालं. धप्पकन बसलो आम्ही. दोन्ही पाय फोटोच्या दोन अंगांना लांब झाले. आबांनी तांब्यातलं पाणी चमच्यात घेतलं. त्यांनी तो चमचा फोटोतल्या आईच्या ओठांशी नेला आणि काचेवरून पाणी पाटावर ओघळलं.

"आलो गं," ते म्हणाले. "उशीर झाला."

मग ते रडले. माझ्यासमोर, आवाज न लपवता. मीही रडलो.

दिवेलागणीला रंजना भांड्यांची पाटी घेऊन आली आणि दारातच थबकली. तिनं आबांना जमिनीवर बघितलं आणि तिच्या हातातली पाटी खाली आली.

"अगंबाई! पडले का मामंजी? अहो, उचला की त्यांना!"

मी आबांकडं बघितलं, आबांनी माझ्याकडं. आमच्यापैकी कुणालाच उठता येत नव्हतं.

"पडलो न्हाई पोरी," आबा म्हणाले. "बसलोय."